चेहरा ही चैन नव्हे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघे बोलतात, डोळे लवकर थकतात, आणि आमच्या कर्जतला पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. पण आजचा विषय असा आहे की लिहिल्यावाचून राहवेना. जरा रागानेच लिहिणार आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

रागाचं कारण साधं आहे. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर कोणीतरी पुढे ढकललेला एक संदेश आला. त्याचा मथितार्थ असा, की सरकारी आरोग्य योजनेतून आता प्लास्टिक सर्जरीसुद्धा फुकट होते, म्हणजे कर आपण भरायचा आणि नटायचं दुसऱ्यांनी. त्याखाली पटापट अंगठे उमटले. शिकलेल्या, नोकऱ्या केलेल्या माणसांचे अंगठे. ग्रुपवर वाद घालणं मला जमत नाही, दोन ओळी टाइप करेपर्यंत मंडळी क्रिकेटवर गेलेली असतात. म्हणून इथे, सावकाश.

आधी शब्द नीट समजून घेऊ (मास्तरकी जात नाही, काय करणार!). प्लास्टिक सर्जरीतलं ‘प्लास्टिक’ म्हणजे बादल्यांचं प्लास्टिक नव्हे. तो घडवणं, आकार देणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला शब्द आहे. आणि या शस्त्रक्रियांचे ढोबळमानाने दोन भाग आहेत. जे धडधाकट आहे ते आणखी देखणं करायचं, हा एक. जे जन्मतः, आजाराने, अपघाताने किंवा आगीने बिघडलं ते पुन्हा माणसासारखं करायचं, हा दुसरा. पहिल्याला कॉस्मेटिक म्हणा. दुसऱ्याला पुनर्रचना म्हणा. आपल्या ग्रुपवर या दोघांची एकच भाजी झाली होती. आणि तशीच ती सरकारी टेबलावरही होते, हे माझं खरं दुखणं आहे.

आता योजना काय आहे ते सांगते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला रायगड होता. पुढे तिचं नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झालं, मग केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली, आणि २०२३ च्या निर्णयाने ती रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करायचं ठरलं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. हे मोठं काम आहे. ते कोणत्या पक्षाने केलं यात मला रस नाही, सगळ्यांनीच थोडं थोडं केलं आहे. फाटलेल्या ओठाची, टाळूची शस्त्रक्रिया या योजनांत होते. भाजलेल्या माणसाचे उपचार होतात. एवढंच काय, भाजल्यानंतर कातडी आखडते त्याच्या शस्त्रक्रियेबरोबर स्प्लिंट, प्रेशर गारमेंट, सिलिकॉनची पट्टी आणि फिजिओथेरपीसुद्धा आयुष्मानच्या पॅकेजमध्ये धरलेली आहे. ज्याने हे लिहिलं त्याला भाजणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

पण त्याच पॅकेजच्या नावात एक शेपूट आहे. फंक्शनल इम्प्रूव्हमेंटसाठी. म्हणजे कार्य सुधारण्यासाठी. मान वळत नसेल तर वळती करू, कोपर सरळ होत नसेल तर करू. आणि दुसरीकडे, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कॉस्मेटिक उपचार. या दोन शब्दांच्या मधोमध जी फट आहे तिच्यात माणसं पडतात. मी पडताना पाहिली आहेत.

आपल्या कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मुलं बरोबरच असतात, ठेवणार कुठे? माझ्या वर्गात अशाच एका वाडीवरची एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. चार वर्षांची असताना भट्टीवर भाजली होती. हनुवटी छातीला चिकटल्यासारखी, डावा गाल आणि ओठाचा कोपरा ओढलेला, अर्धी भुवई आणि कानाची पाळी गेलेली. पाढे मात्र असे खडखडीत म्हणायची की बाकीची पोरं खाली बघायची. फळा बघायला तिला अख्खं अंग मागे रेलावं लागे, म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसवत असे.

२०१३ साली, ती पंधराएक वर्षांची असताना, योजनेतून तिच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. उत्तम झाली. मान सुटली. डॉक्टरांचे उपकार विसरता येणार नाहीत. पाचेक वर्षांनी तिच्या चेहऱ्यासाठी आम्ही पुन्हा मुंबईला गेलो, दुसऱ्या एका रुग्णालयात. पहाटेची लोकल, कर्जतहून शंभर किलोमीटर. तिथल्या सर्जननी तपासून सांगितलं की दोन-तीन टप्प्यांत बरंच करता येईल. मग आम्ही योजनेच्या टेबलाशी गेलो. तिथल्या मुलाने कागद पाहिले, तिला तोंड उघडायला लावलं, मान वळवायला लावली, आणि म्हणाला, “काकू, सगळं काम करतंय ना? मग हे कॉस्मेटिकमध्ये जातं.” त्याचा आवाज वाईट नव्हता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जेवढे रकाने होते तेवढंच तो बोलत होता. परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. बदलापूर गेल्यावर म्हणाली, “बाई, मान वळती आता. पण वळवून बघू कोणाकडं?”

आता मला सांगा, चेहऱ्याचं कार्य काय? श्वास, घास आणि बोलणं, एवढंच? आपल्याकडे जागोजागी फार्महाऊसं आणि रिसॉर्ट झाली. वाडीवरच्या मुलींना तिथे स्वयंपाकघरात, सफाईला कामं मिळतात. हिला दोन ठिकाणी नाही म्हणाले. एकाने तर स्पष्ट सांगितलं, पाहुणे घाबरतात. म्हणून ती आजही विटाच थापते. तिची मुलगी अंगणवाडीत जाते, पण पालकांना बोलावलं की आजी येते, आई येत नाही. बाजारात पदर ओढून, उजवी बाजू पुढे करून चालते. हे सगळं ‘काम करतंय’ म्हणायचं का? डोळ्याचं काम बघणं असेल तर चेहऱ्याचं काम दिसणं आहे. चारचौघांत उभं राहणं, ओळख देणं, काम मागणं, लेकराच्या शाळेत जाणं, या सगळ्याला चेहराच लागतो. तो हात-पायांइतकाच राबणारा अवयव आहे. गरिबाचा तर जास्तच, कारण त्याच्याकडे पुढे करायला दुसरं काही नसतं, पदवी नाही की व्हिजिटिंग कार्ड नाही.

हे मी आज नव्याने सांगत नाही. आपल्याच मुलखात ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी कळलेली होती. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असं नाक करताना पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. युरोपातल्या सर्जननी त्यावरून धडे घेतले. कावसजीचा श्वास नाकावाचून अडला नव्हता. ‘कार्य’ चालू होतं! तरी त्याला नाक हवं होतं, आणि ते करून देणाऱ्याने हे कॉस्मेटिक आहे असं म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण डॉ. नोशीर अंतिया यांचं. इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. त्यांनी सुरुवातीच्या काळातलं मोठं काम केलं ते कुष्ठरुग्णांवर. कुष्ठरोगात नाकाचं हाड बसतं, भुवया झडतात. औषधाने जंतू मरतात, रोग बरा होतो, पण चेहरा तसाच राहतो आणि गाव त्या चेहऱ्याला घरात घेत नाही. म्हणजे रोगी बरा होऊनही रोगीच. ते नाक उचलणं, ती भुवई लावणं ही अंतियांसारख्यांच्या लेखी उपचाराचीच शेवटची पायरी होती. हेच अंतिया पुढे सत्तरच्या दशकात आपल्या अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला आले आणि गावातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण देऊन काम उभं केलं. म्हणजे ज्या माणसाने नाकं आणि भुवया दुरुस्त केल्या, त्यालाच गरिबाचं आरोग्य सर्वात जास्त कळत होतं. या दोन गोष्टींत विरोध आहे असं त्यांना वाटलं नाही, मग ते आपल्यालाच का वाटावं?

आणि गंमत पुढेच आहे. कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आज पुनर्रचनेची शस्त्रक्रिया मोफत तर होतेच, वर बुडालेल्या मजुरीपोटी रुग्णाला पैसेही मिळतात. ॲसिड हल्ल्यातल्या बायकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये सांगितलं की खासगी रुग्णालयांनीसुद्धा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसकट पूर्ण उपचार मोफत द्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिडने विद्रूप झालेल्या व्यक्तीला दिव्यांग मानलं. फक्त विद्रूप होणं हेही अपंगत्व असू शकतं, हे संसदेने मान्य केलं! या सगळ्याबद्दल आनंदच आहे. पण मला विचारायचंय, कातडीला काय कळतं हो, अंगावर पडलं ते ॲसिड होतं की भट्टीतला निखारा? एकीला दुष्टाने जाळलं म्हणून ती पात्र, आणि दुसरीला दारिद्र्याने जाळलं म्हणून तिला टेबलावर मान वळवून दाखवायची?

याहून मोठी गंमत कर खात्याची. जीएसटीमध्ये वैद्यकीय सेवेला कर नाही, पण केस लावणं आणि कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी यांना आहे. त्याला अपवाद दिला आहे तो असा: जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया केली असेल तर ती उपचारच, कर नाही. रचना किंवा कार्य. त्यातला ‘किंवा’ बघा. व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगायची, अव्ययांना हलकं लेखू नका, सगळं वाक्य त्यांच्यावर लटकलेलं असतं. २०१७ च्या या अधिसूचनेतल्या एका ‘किंवा’ने ती मुलगी पात्र ठरते. खासगी विम्याच्या प्रमाणित अटी २०१९ साली ठरल्या, त्यांतही अपघात, भाजणं आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. म्हणजे कर गोळा करणारे आणि विमा विकणारे, जे पैपैचा हिशोब ठेवतात, त्यांनाही कळलं की गेलेला चेहरा परत मिळवणं आणि नाकाला टोक काढून घेणं यांत फरक आहे. मग आरोग्य योजनेच्या टेबलावरच तो का कळू नये?

आता तुमचे आक्षेप. पहिला मला पाठ आहे: आधी पोटोबा, मग विठोबा. क्षयरोग आहे, कुपोषण आहे, सापाच्या लसी आहेत, तिथे पैसा लागत असताना चेहरे कसले? प्रश्न खोटा नाही. आमच्या भागातलं कुपोषण मी वर्गात रोज पाहिलं आहे. पण मोतीबिंदूने कोणी मरत नाही, तरी सरकार १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम चालवतं आणि फुकट शस्त्रक्रिया करतं. गुडघ्याने कोणी मरत नाही, तरी आपल्यापैकी काहींनी कोणत्या ना कोणत्या सरकारी सवलतीतून गुडघे बदलून घेतले आहेत (नावं घेत नाही, पण चालत या एकदा कर्जतला). तिथे कोणी आधी कुपोषण संपवा असं म्हटलं नाही. काटकसरीची आठवण नेमकी वाडीवरच्या माणसाची पाळी आली की होते.

दुसरा आक्षेप: एकदा दार उघडलं की सगळे घुसतील. तामिळनाडूने २०१८ साली चेन्नईच्या स्टॅनली सरकारी रुग्णालयात सौंदर्याच्या शस्त्रक्रियाही मोफत सुरू केल्या, स्तनांच्यासुद्धा. तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री विजयभास्कर यांचा सवाल होता की गरिबांना सुंदर दिसायचा हक्क का नसावा, आम्ही नाही केलं तर ते कर्ज काढून भलत्या ठिकाणी जातील. बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मला सवाल प्रामाणिक वाटतो, पण मी तेवढं लांब जाणार नाही. धडधाकट नाक सरळ करायला, टकलावर केस लावायला सार्वजनिक पैसा देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते गरीब-श्रीमंत दोघांनाही लागू. म्हणूनच तर रेघ नीट ओढा म्हणते आहे. रेघ जिथे असायला हवी तिथे नसली की दोन्हीकडून घुसखोरी होते. चलाख माणूस ‘कार्य’ दाखवणारा कागद मिळवतो, आणि खरा गरजू परत जातो.

तिसरा आक्षेप जरा सोवळ्यातला आहे. दिसण्याला इतकं महत्त्व देऊ नये, खरं सौंदर्य मनाचं. शाळेच्या भिंतीवर हा सुविचार मीही लिहिला आहे, आणि गोऱ्या-काळ्यावरून चिडवणाऱ्या पोरांसाठी तो योग्यच होता. पण भाजलेल्या माणसाला तो ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं माहात्म्य सांगणं. ज्याचं जळतं त्याला कळतं. समाज बदलायला हवा, चेहरे नव्हे, असंही कोणी म्हणेल. जरूर बदला. तुम्ही समाज बदलेपर्यंत तिची मुलगी दहावी होईल.

माझं मागणं फार नाही. ‘कार्य सुधारण्यासाठी’ हे शब्द काढा आणि ‘रचना किंवा कार्य’ हे आपल्याच सरकारचे शब्द तिथे घाला, त्यात ‘आजार’ एवढा एक शब्द जोडा. भाजलेल्या मुलाची कातडी त्याच्या वाढीबरोबर वाढत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा लागतात. त्या सगळ्या मिळून एकच उपचार धरा. फाटलेल्या ओठाच्या मुलांचंही तसंच. ओठ तीनेक महिन्यांचं मूल असताना शिवतात, पण नाकाचं शेवटचं काम चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे सोळा-अठराच्या सुमाराला करतात. शाळेत मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (२०१३ साली आपल्या शेजारच्या पालघरहूनच सुरू झाला तो) अठराव्या वर्षी हात सोडतो. सर्जन म्हणतो थांब, आणि नियम म्हणतो वय झालं! पुढे तोच कॉस्मेटिक शब्द वाट बघत असतो.

आणि पात्रता कोणी ठरवायची? रुग्णाला समोर बसवून पाहिलेल्या प्लास्टिक सर्जनने. त्याच्या कागदाला शाळेतल्या शिक्षकाचं किंवा अंगणवाडी ताईचं पत्र जोडू द्या, की ही मुलगी शाळेत का येत नाही, या बाईला काम का मिळत नाही. फोटोतल्या मानेचा कोन मोजून हे कळत नाही. शिवाय कुष्ठरुग्णाला देता तशी बुडालेली मजुरी भाजलेल्यालाही द्या, कारण शस्त्रक्रिया फुकट असली तरी मुंबईच्या दहा खेपा फुकट नसतात. किंवा महिन्यातून एकदा एक प्लास्टिक सर्जन कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. लोकल दोन्ही बाजूंनी धावते.

माझ्या वाचकांत दोन-तीन डॉक्टर आहेत, एक भाची मंत्रालयात आहे, बाकीचे निदान मतदार तरी आहेत. यातला प्रत्येक जण एक अर्ज लिहू शकतो. मराठीत लिहा, स्वच्छ अक्षरात, आणि त्या ‘किंवा’खाली रेघ मारा. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही खाली जरूर लिहावं, मी उत्तर देईन. फक्त एक विनंती. ‘नटायचं’ हा शब्द वापरण्याआधी आपापल्या भागातल्या एखाद्या वीटभट्टीवर एकदा जाऊन या.

असो. वीज आहे तोवर प्रकाशित करते.